अँपचा नॉब किती ठेवू? आधी पिन आणि ओहम बघू

जुळे सोलापूरच्या एका तरुणाने विचारलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "भावाने आणि मी मिळून सेकंडहँड दोन चॅनेलचा अँप घेतला, ४ ओहमला चॅनेलमागे ८०० वॅटचा. दोन डबल अठराचे बेस (एका बॉक्समध्ये अठरा इंची दोन स्पीकर) त्याच्यावर ब्रिज करून (दोन्ही चॅनेल जोडून एक करून) लावलेत. दोन टॉपना (बेसच्या वरचा आवाज देणाऱ्या बॉक्सना) वेगळा ३०० वॅटचा अँप आहे. परवा एका लग्नात मोठा अँप तासाभरात प्रोटेक्टला गेला (स्वतःला वाचवायला बंद पडला), थंड झाल्यावर आपोआप चालू झाला, परत गेला. त्याच रात्री एका टॉपचा एचएफ (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) उडाला. घूं आवाज येत होता म्हणून मंडपातल्या वायरमनने पिनेतला अर्थ काढून दिला, तेव्हापासून आवाज स्वच्छ आहे. नॉब किती वाजता ठेवला म्हणजे हे होणार नाही? कुणी बारा सांगतं, कुणी फुल्ल."

भवानी पेठेत भोंगे उचलणारा पोऱ्या म्हणून मी या धंद्यात आलो. आता भाड्याने साउंड देतो आणि मधल्या दिवसांत टेबलावर अँप उघडून बसतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर सीझनला येतो, नेहमी नॉबच्याच रूपात. पण तुमच्या या सात-आठ ओळींत तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि नॉबचा संबंध त्यातल्या फक्त एकाशी, तोही अर्धवट. अँप आतून आपणहून मरतो असं मी फार कमी पाहिलंय. माझ्या टेबलावर येतात ते बहुतेक पिनेतून आलेल्या विजेने नाहीतर पुढे जोडलेल्या बोजाने मेलेले. म्हणून उत्तर उलट्या क्रमाने देतो: आधी अर्थ, मग फेज-न्यूट्रल, मग ओहम (स्पीकरचा रोध, जितका कमी तितका अँपवर बोजा जास्त) आणि शेवटी तुमचा नॉब. बाकी बऱ्याच गोष्टी जागेवर, जनरेटरवर, तुमच्या मॉडेलवर अवलंबून आहेत, ते त्या त्या ठिकाणी सांगेन. अर्थ मात्र कशावरच अवलंबून नाही.

ती पिन आजच्या आज परत लावा. तीन पिनेतली मोठी पिन अँपच्या पत्र्याला जोडलेली असते. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा फेजची वायर निसटून पत्र्याला टेकली, तर करंट त्या पिनेतून जमिनीत जातो आणि एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट अर्थला गळला की पडणारा स्विच) पडते. कार्यक्रम थांबतो, एवढंच. पिन नसेल तर काहीच पडत नाही. अँपचा पत्रा २३० व्होल्टवर जाऊन बसतो, तिथून एक्सएलआर केबलच्या (माईक-मिक्सरच्या तीन पिनेच्या केबलच्या) जाळीतून मिक्सरवर आणि मिक्सरवरून माईकच्या जाळीवर. माईक ज्याच्या हातात, तो बहुतेक वेळा अनवाणी असतो आणि गणपतीत जमीन ओली असते.

हे पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंडळाच्या भजनाला पिन मीच काढली होती. घूं बंद झाली, मंडळवाले खूश, मीही खूश. संध्याकाळी पाऊस येऊन गेला आणि भजन म्हणणाऱ्या काकांच्या ओठाला माईकचा असा चटका बसला की त्यांच्या हातातून माईक उडून हार्मोनियमवर पडला. काका बसले होते ती सतरंजी कोरडी होती म्हणून निभावलं. ते मला काही बोलले नाहीत, पाणी प्यायले आणि दुसरा माईक मागितला. तेव्हापासून माझ्या पेटीत दोन पिनेची एकही वायर नाही.

मग घूंचं काय करायचं? घूं येते कुठून ते आधी समजून घ्या. मिक्सर मंडपाच्या मागच्या बोर्डावर, अँप स्टेजजवळच्या बोर्डावर, मध्ये तीस मीटर. दोन्ही बोर्डांचा अर्थ वेगळ्या वायरीने आलेला, त्यामुळे दोघांत थोडा व्होल्टेजचा फरक. तो फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो आणि ५० हर्ट्झची घूं होऊन स्पीकरमधून निघतो. म्हणजे दोष ऑडिओच्या वायरीत, आणि कापायची तीही तिथेच, मेनच्या पिनेत नाही. मी पहिलं काम हे करतो की मिक्सर, प्रोसेसर, अँप, लॅपटॉप सगळं एकाच फेजच्या एकाच बोर्डावरून घेतो, लांब असेल तर स्वतःची एक्स्टेन्शन ओढतो. निम्म्याहून जास्त वेळा तिथेच संपतं. नाही संपलं तर लॅपटॉपचा चार्जर पूर्ण काढून, बॅटरीवर चालवून बघा. घूं गेली तर चोर सापडला, लॅपटॉपच्या आउटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (आवाज जाऊ देतो, पण दोन्हीकडचा अर्थ तोडतो ती डबी) लावा. साधी आरसीए वायर कापून पिन चिकटवलेली असेल तर ती फेकून बॅलन्स्ड केबल वापरा: एक नंबर जाळी, दोन नंबर गरम, तीन नंबर थंड. शेवटचा उपाय म्हणून अँपच्या टोकाला एक नंबरची जाळी सोडवलेली एक वेगळी केबल बनवून ठेवा आणि तिच्यावर लाल टेप गुंडाळा, नाहीतर पुढच्या कार्यक्रमात तीच केबल माईकला लागते आणि फँटम (मिक्सरमधून माईकला जाणारी वीज) का जात नाही म्हणून तुम्ही रात्रभर शोधत बसता.

आता फेज आणि न्यूट्रल. मंडपात कनेक्शन महावितरणचं तात्पुरतं असो नाहीतर जनरेटरचं, साधारण थ्री फेज असतं. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. या दोन आकड्यांमध्ये तुमचा अँप फक्त एका न्यूट्रलच्या स्क्रूवर उभा असतो. तो मुख्य न्यूट्रल सैल झाला की तिन्ही फेजवरचे बोजे एकमेकांशी सिरीजमध्ये येतात. ज्या फेजवर बोजा कमी, तिथे व्होल्टेज चढतं, तीनशेच्या वर सहज जातं. ज्या फेजवर हॅलोजन आणि मिक्सर-ग्राइंडर लागलेत तिथे उतरतं. माझे दोन अँप एका रात्रीत असेच गेले. खूण डोळ्यांसमोर होती: मंडपाच्या एका बाजूचे दिवे मलूल आणि दुसऱ्या बाजूचे एकदम लखलखीत. मी ते बघून डेकोरेशनवाल्याने नवीन दिवे लावलेत असं समजलो! दोन मिनिटांनी अँपच्या पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुटले आणि तो वास पुढे आठवडाभर रॅकमधून गेला नाही.

तेव्हापासून मी दोनदा मोजतो. एकदा काही न लावता आणि एकदा मंडपाचे सगळे दिवे-पंखे चालू झाल्यावर. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिले दोन आकडे जवळपास सारखे हवेत आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थमध्ये दहा-पंधरा दिसले तर न्यूट्रल कुठेतरी गरम होतोय किंवा अर्थ नावालाच आहे, तिथे अँप लावत नाही, वायरमनला बोलावतो. हे काम टेस्टरने होत नाही हे लक्षात घ्या. टेस्टर फक्त फेज आहे एवढं सांगतो, अर्थ आहे की नाही हे त्याच्या बापाला कळत नाही. साधा मल्टीमीटर घ्या, पाच-सातशे रुपयांत मिळतो आणि एक एचएफचा डायफ्राम वाचवला की पैसे फिटतात. बोर्डात हात घालून जोडणी करणं मात्र लायसनवाल्या वायरमनचंच काम. तुम्ही मोजा आणि पटलं नाही तर नाही म्हणा. लग्नघरच्यांचे चेहरे पडतात, पडू द्या.

साउंड सगळा एका फेजवर घ्यायचं आणखी एक कारण इथेच आहे. मिक्सर एका फेजवर आणि बँडवाल्याचा गिटार अँप दुसऱ्या फेजवर असेल, तर बिघाड झाल्यावर स्टेजवरच्या दोन धातूंमध्ये ४०० व्होल्ट येऊ शकतात. बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असलीच पाहिजे. ती सारखी पडते म्हणून कुणी बायपास करून देत असेल तर त्याला नमस्कार करा आणि सामान परत टेम्पोत भरा. जनरेटरचं सांगायचं तर पाटीवर केव्हीए लिहिलेलं असतं, त्याच्या ८० टक्के किलोवॅट धरा. १५ केव्हीएचा म्हणजे १२ किलोवॅट, आणि त्यात दिवे-पंखे-केटरर सगळे आले. जनरेटर चालू किंवा बंद होताना अँप बंदच हवेत. डिझेल संपत आलेला जनरेटर गचके देत मरतो, ते गचके अँपच्या पॉवर सप्लायला सोसत नाहीत.

आता तुमचं प्रोटेक्ट. मला वाटतं कारण तुमच्या प्रश्नातच लिहिलंय. डबल अठराच्या एका बॉक्समध्ये ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल असतात, म्हणजे बॉक्स ४ ओहमचा. असे दोन बॉक्स एकातून एक जोडले की २ ओहम. आणि अँप ब्रिजवर असला की प्रत्येक चॅनेलला त्याच्याही निम्मे दिसतात, म्हणजे १ ओहम. तुमचा अँप ४ ओहमला ८०० चा, काही मॉडेल २ ओहमही सोसतात, पण १ ओहम सोसणारा सेकंडहँड अँप निदान मी पाहिलेला नाही. तरी तो तासभर चालला. प्रोटेक्टला जाऊन त्याने स्वतःला आणि तुमच्या पैशाला वाचवलं, त्याला दोष देऊ नका.

उपाय फुकटचा आहे. ब्रिज काढा, मागची बटणं स्टिरिओ किंवा पॅरललवर घ्या आणि एक बेस एका चॅनेलवर, दुसरा दुसऱ्यावर. प्रत्येक चॅनेलला ४ ओहम, प्रत्येक बॉक्सला ८०० वॅटपर्यंत. ब्रिज हा प्रकार ८ ओहमच्या एका मोठ्या बोजासाठी असतो. ८ ओहमला ब्रिज केलं की तुमचा अँप १६०० वॅट देईल आणि तेव्हाही प्रत्येक चॅनेलला ४ ओहमच दिसतील. तुमच्याकडे असा बॉक्सच नाही, मग ब्रिजचा हट्ट कशाला? "ब्रिजवर दणका येतो" हे मी सात रस्त्यापासून अक्कलकोट नाक्यापर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. दणका येतो तो अँप मरायच्या आधीचा.

बॉक्स खरोखर किती ओहमचा आहे हे स्टिकरवरून ठरवू नका, विशेषतः कॉइल बदललेल्या स्पीकरचं. केबल काढून मल्टीमीटर ओहमवर ठेवा. ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, ४ ओहमचा तीनच्या आसपास. एखादा डबल बेस सहा दाखवत असेल तर त्यातली एक कॉइल आधीच गेलेली आहे. दीड दाखवला तर बॉक्स अँपला लावूच नका.

सेकंडहँड अँप आहे म्हणून आणखी एक तपासणी. स्पीकर न लावता, इनपुट न देता अँप चालू करा आणि आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. काही मिलिव्होल्ट, फार तर पन्नास-साठ, ठीक. सरळ व्होल्टात आकडा आला तर आत बिघाड आहे, बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट, स्पीकर लावला तर कॉइल जळू शकते. दुरुस्त होऊन आलेला जुना ट्रान्सफॉर्मरवाला अँप मी पहिल्यांदा नेहमी सिरीज बोर्डावर, १०० वॅटचा बल्ब मध्ये घालून चालू करतो. बल्ब क्षणभर पेटून विझत आला तर बरं, पेटूनच राहिला तर आत शॉर्ट. नव्या एसएमपीएसच्या (मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायच्या) अँपला ही युक्ती लागू पडेलच असं नाही, काही सिरीजमध्ये चालूच होत नाहीत.

केबलचंही बघा. बारीक वायर म्हणजे न दिसणारा एक स्पीकर, जो वाजत नाही, नुसता तापतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक वायरीला किलोमीटरमागे आठ ओहमच्या आसपास रोध असतो. स्पीकर तीस मीटरवर असेल तर जाऊन-येऊन साठ मीटर, म्हणजे जवळपास अर्धा ओहम. ४ ओहमच्या बॉक्सला त्यातून मूळ पॉवरच्या ऐंशी टक्केच पोचते आणि बेसची पकड सैल होते ती वेगळीच. शक्य असेल तर अँप बेसजवळ न्या आणि लांबीचा भार एक्सएलआर केबलवर टाका. नाही जमलं तर चार चौरसची वायर घ्या. जोड स्पीकॉनचेच (फिरवून लॉक होणारे, आतले धातू झाकलेले) वापरा. तुमच्या अँपला मागे उघडे टर्मिनल असतील तर चालू असताना हात लावू नका: ४ ओहमला ८०० वॅट म्हणजे टर्मिनलवर ५६ व्होल्ट, ब्रिजवर ११३. शॉक बसायला तेवढं पुरतं. आणि ब्रिजमध्ये स्पीकरची वजा बाजूही जिवंत असते, ती अर्थ नसते.

हां, आता नॉब. व्यावसायिक अँपवरचा नॉब ताकद कमी-जास्त करत नाही. तो दारावरचा पडदा आहे, बाहेरून येणारा सिग्नल किती आत सोडायचा एवढंच ठरवतो. आतलं मशीन तेवढंच राहतं. तुमच्या अँपचा गेन ३२ डीबी असेल (मागे किंवा मॅन्युअलमध्ये असतो, काहींत बटणाने बदलतो), तर तो आलेल्या व्होल्टेजला चाळीसने गुणतो. ८०० वॅटला लागतात ५६ व्होल्ट. भागा चाळीसने: १.४ व्होल्ट. म्हणजे नॉब फुल्ल असताना मिक्सरने १.४ व्होल्ट दिले की अँप संपला, त्यापुढे क्लिप, म्हणजे आवाजाच्या लहरीची टोकं छाटली जातात. आणि बऱ्याच मिक्सरच्या मीटरवर शून्यच मुळी १.२३ व्होल्टला असतं. म्हणून तुमच्याकडे असं झालं असणार की मिक्सरवर अजून हिरवे दिवे, पोरं म्हणतायत "वाढवा की मालक", आणि तिकडे रॅकमध्ये लाल दिवा स्थिर.

उलट नॉब दहा डीबी खाली आणला तर अँप क्लिप व्हायला मिक्सरने साडेचार व्होल्ट द्यावे लागतात. चांगला मिक्सर नऊ-दहा व्होल्ट सहज देतो. म्हणजे नॉब अर्ध्यावर ठेवल्याने अँप सुरक्षित होत नाही, मिक्सरवाल्याला फेडर थोडा जास्त ढकलावा लागतो, बस्स. मग फायदा काय? मिक्सरच्या मीटरचे दिवे खरं बोलायला लागतात. मिक्सरवर पिवळा यायला लागला की अँपवर क्लिपचा दिवा अधूनमधून लुकलुकावा, इतपत नॉब खाली आणा. तुमच्या अँपला तो बहुधा दहा-बारा डीबी खाली येईल. घड्याळाचे काटे विसरा, नॉबभोवती डीबीचे आकडे छापलेले असतात ते वाचा. एकदा ठरला की टेप लावून टाका. कार्यक्रमात आवाज मिक्सरवरून कमी-जास्त होतो, अँपवरून नाही.

पण खरा पहारेकरी लिमिटर (सिग्नल ठरवलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा), नॉब नाही. क्रॉसओव्हर-प्रोसेसर (बेसचा आणि टॉपचा आवाज वेगळा करून देणारं यंत्र) असेल तर स्पीकर काढून १०० हर्ट्झचा टोन सोडा, अँपच्या आउटपुटला मल्टीमीटर एसीवर लावा आणि लिमिटर इतका खाली आणा की मिक्सर कितीही ढकलला तरी तुम्ही ठरवलेल्या व्होल्टच्या वर आकडा जात नाही. १०० हर्ट्झच का, तर स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला खोटं बोलतात. किती व्होल्ट? स्पीकरचे सलग सोसायचे वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ८ ओहमच्या २५० वॅटच्या टॉपला ४५ व्होल्टच्या जवळपास. आणि वॅट म्हणजे कुठले वॅट? बॉक्सवर मोठ्या अक्षरात १००० लिहिलेलं असेल तर तो बहुधा पीक (क्षणभराचा) असतो, सलगचा त्याचा साधारण चौथा भाग. ही छपाई वाचण्यातच निम्मे एचएफ जातात.

तुमचा एचएफ तसाच गेला असावा. लोक म्हणतात छोटा अँप होता म्हणून सुरक्षित. उलटं आहे. ३०० वॅटचा अँप पूर्ण क्लिप होऊन चौकोनी लहर द्यायला लागला की सरासरी सहाशेच्या जवळ देतो. शिवाय ढोलाची टोकं छाटली जातात, पण त्यांच्याखाली दबलेले झांजा-टाळ वाढतच राहतात, वर छाटण्याने नवीन कर्कश सूर तयार होतात. ते सगळं क्रॉसओव्हर इमानदारीने एचएफकडे पाठवतो, आणि एचएफची कॉइल केसाएवढ्या तारेची. म्हणून सलग वॅटच्या दीडपट ते दुप्पट अँप आणि त्याला लिमिटर, ही जोडी मी पसंत करतो. मिक्सरवर नवरदेवाचे मित्र बसणार असतील आणि लिमिटर नसेल, तर तेवढाच अँप घ्या, दुप्पट नको. हे कोण हाताळणार यावर अवलंबून आहे, गणितावर नाही. बेसला मात्र प्रोसेसरमध्ये ३०-३५ हर्ट्झच्या खालचं कापून टाका. पोर्टवाला बॉक्स त्याखाली कोनला धरून ठेवत नाही, कोन नुसता आतबाहेर आपटतो, ऐकू काहीच येत नाही.

उष्णतेबद्दल बाहेरगावच्या लोकांना वेगळं सांगावं लागतं, आपल्याला नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला दुपारी टेम्पोच्या पत्र्याला हात लावून बघा आणि मग विचार करा आत रॅक कसा असेल. जुना एबी क्लासचा अँप जेवढी पॉवर देतो, जवळपास तेवढीच उष्णता करतो, हळू वाजवताना तर प्रमाण आणखी वाईट. डी क्लासचे (नव्या पद्धतीचे, कमी तापणारे) बरे, पण तेही हवा मागतातच. रॅकची पुढची-मागची दोन्ही झाकणं उघडी, पंखा कुठून ओढतो आणि कुठे फेकतो ते हात लावून बघा, आणि एका रॅकमध्ये उलट्या दिशेचे दोन अँप एकावर एक ठेवू नका, एकाची गरम हवा दुसरा पितो. पंख्याची जाळी महिन्याला काढून ब्रश मारा. आपल्याकडे ती नुसत्या धुळीने भरत नाही. यंत्रमागाच्या भागात कार्यक्रम असले की सुताचे तंतू जाळीवर असे बसतात की सोलून काढावे लागतात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानावर वाजवलं तर आठवड्याला काढा. आणि धूळ नको म्हणून चालू रॅकवर चादर टाकणारा हेल्पर माझ्याकडेही होता. सोलापुरी चादर थंडीत माणसाला चांगली, अँपला नाही.

चालू करायचा क्रम पाठच करा. मिक्सर, मग प्रोसेसर, मग सगळे नॉब खाली आणि अँप एकेक करून, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत. एकदम सगळे टाकले की ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या झटक्याने एमसीबी पडते. त्यासाठी सी प्रकारची एमसीबी असावी, पण ती मिळेल याचा भरवसा नसतो. बंद करताना उलट: अँप आधी, मिक्सर शेवटी. मिक्सर आधी बंद केला तर जो धाड्‌कन आवाज येतो, तो एचएफला दिलेली थप्पड असते. माझा भाचा सुरुवातीला दर वेळी विसरायचा आणि मी मंडपाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचो, "काय बे, काय करायलास?" आता तो माझ्यावर ओरडतो.

आवाजाच्या मर्यादेबद्दल दोन वाक्यं, कारण दंड अँपवाल्यालाच बसतो. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. गावभागातल्या बोळात दोन डबल बेस लावून हे कसं पाळणार ते मला विचारू नका, मी तिथली ऑर्डर घेणं बंद केलंय.

आता तुम्ही एक करा. नवीन डायफ्राम लगेच बसवू नका. आधी अर्थची पिन लावा, ब्रिज काढा, मग तीन आकडे घ्या: दोन्ही बेसचे ओहम वेगवेगळे, दोन्ही टॉपचे ओहम आणि मोठ्या अँपच्या दोन्ही चॅनेलचा आउटपुटवरचा डीसी. सोबत टॉपच्या मागच्या स्टिकरवरचं सगळं लिहून काढा, बारीक अक्षरातलंही. आणि अँपवर गेनचं बटण असेल तर ते कुठे आहे तेही. एवढं आलं की लिमिटर किती व्होल्टला लावायचा ते नेमकं सांगतो.